चक्कर येते म्हणून मान स्थिर ठेवावी का?

चक्कर येऊ लागली की माणूस मान वळवणे टाळतो, भिंतीच्या आधाराने चालतो आणि जमेल तितका वेळ पडून राहतो. पहिले दोन-तीन दिवस हे समजण्यासारखे आहे. पण चक्करेचे मूळ आंतरकर्णात, म्हणजे कानाच्या आतल्या भागात असेल, तर पुढे हीच सावधगिरी दुखणे लांबवते.

डोळे, स्नायू-सांध्यांतील संवेदना आणि आंतरकर्ण यांच्याकडून येणाऱ्या माहितीवर मेंदू शरीराचा तोल राखतो. प्रत्येक कानातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके कोणत्या दिशेने व किती वेगाने वळते आहे हे टिपतात आणि त्यानुसार डोळे सुमारे शतांश सेकंदात उलट दिशेने वळतात. चालता चालता समोरची पाटी वाचता येते ती यामुळेच. जंतुसंसर्गाने एका कानाची तोलाची नस दुबळी झाली, तर दोन्ही बाजूंच्या संदेशांत तफावत पडते आणि डोके स्थिर असूनही ते फिरत असल्याचा भास होतो. नस पूर्ववत होईलच असे नाही, परंतु लहान मेंदू या तफावतीशी जुळवून घेऊ शकतो. त्यासाठी चूक त्याच्या वारंवार लक्षात यावी लागते, आणि डोके हलवल्याशिवाय ती लक्षात येत नाही.

ब्रिटनमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या डॉक्टरांनी 1940च्या दशकात याच विचाराने व्यायाम आखले. कागदावरील एका अक्षरावर नजर रोखून मान डावी-उजवीकडे वळवायची, अक्षर पुसट दिसू लागले की वेग कमी करायचा, आणि रोज थोडा वाढवत न्यायचा. पुढे पाय जुळवून, मग डोळे मिटून, मग मऊ फोमवर उभे राहण्याचा सराव होतो; अर्थात जवळ कोणीतरी असलेच पाहिजे. या वेळी थोडी चक्कर येणे अपेक्षितच असते. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या मात्र दीर्घकाळ घेतल्यास हे जुळवून घेणे मंदावू शकते.

कूस बदलताच काही सेकंद गरगरत असेल, तर कारण बहुधा वेगळे असते. आंतरकर्णातील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण जागा सोडून नलिकेत शिरलेले असतात. इथे मेंदूला शिकवण्यासारखे काही नसते. डोके ठरावीक क्रमाने वळवून कण बाहेर काढायचे असतात. अमेरिकन डॉक्टर जॉन एप्ली यांची ही पद्धत अनेकांना एक-दोन बैठकींत आराम देते. मात्र कोणत्या कानाची कोणती नलिका बाधित आहे हे आधी तपासावे लागते, त्यामुळे व्हिडिओ पाहून अंदाजाने ती करणे मला योग्य वाटत नाही.

अचानक आलेल्या चक्करेसोबत बोलणे अडखळणे, एक वस्तू दोन दिसणे किंवा हातापायातील शक्ती जाणे आढळल्यास तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा व्यायामाचा विचार न करता तत्काळ रुग्णालय गाठावे.