टॉवेल वाळवण्याचा खर्च

'पर्यावरण वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा' अशी पाटी आता बहुतेक मोठ्या हॉटेलांच्या बाथरूममध्ये असते. पाहुणा मनात म्हणतो, पर्यावरण कसलं, यांना धुलाईचा खर्च वाचवायचाय! खरंच आहे ते. पण ज्यात मालकाचा फायदा आहे ती काटकसर टिकते, असं माझं मत आहे.

फायदा मुख्यतः धुण्यात नाही, वाळवण्यात आहे. एक लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापवायला ४० किलोकॅलरी उष्णता लागते. तेच एक लिटर पाणी वाफ करून उडवायचं तर साधारण ५४० किलोकॅलरी, म्हणजे तेरापटीहून जास्त. पाण्याच्या रेणूंना एकमेकांपासून सोडवायची ही किंमत असते. आता सहाशे ग्रॅमचा जाड टॉवेल घ्या. नीट पिळला नाही, तर तो आपल्या वजनाइतकं पाणी सहज धरून ठेवतो. लाँड्रीतल्या हायड्रोत, म्हणजे जोरात फिरणाऱ्या पिळण्याच्या यंत्रात घातला, तर त्यातलं निम्मं पाणी निघून जातं. उरलेल्या तीनशे मिलिलिटरसाठी ड्रायरला किमान १६० किलोकॅलरी खर्चाव्या लागतात. ड्रायरच्या गरम हवेबरोबर बाहेर जाते ती उष्णता वेगळीच. हायड्रोला लागणारी वीज त्यापुढे किरकोळ असते. म्हणून हुशार मॅनेजर आधी हायड्रो बदलतो, पाटी नंतर लावतो.

पाटीवर काय लिहायचं यालाही शास्त्र आहे. अमेरिकेतल्या एका हॉटेलात झालेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. 'पर्यावरण वाचवा' एवढंच लिहिल्यावर सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. 'बहुतेक पाहुणे पुन्हा वापरतात' असं लिहिल्यावर ४४ टक्क्यांनी. पुढच्या प्रयोगात 'याच खोलीत राहिलेले बहुतेक पाहुणे' एवढी भर घातली, तर आकडा ४९ पर्यंत गेला. आधी त्या खोलीत कोण झोपलं होतं याच्याशी आपल्याला काय देणंघेणं? पण माणूस असाच असतो.

मोठी बचत मात्र पाहुण्याला दिसतही नाही. हॉटेलला खोल्यांसाठी थंडावा आणि अंघोळीसाठी गरम पाणी, दोन्ही एकाच वेळी लागतं. एसी खोलीतली उष्णता उपसून गच्चीवर फेकतो, आणि खाली बॉयलर डिझेल जाळत असतो! हीट पंप तीच टाकाऊ उष्णता पाण्यात घालतो. एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. मुंबईसारख्या ठिकाणी, जिथे एसी बारा महिने चालतो, ही जोडणी सहज जमते.