अनाथाश्रमातली सगळी मुलं अनाथ नसतात

"नेपाळ-कंबोडियातल्या अनाथाश्रमात पंधरा दिवस सेवा करा, त्या मुलांना जगात कुणीच नाही." सुट्ट्या आल्या की हा मजकूर ठाणे-वाशीच्या सोसायटी ग्रुपवर फिरतो. तळमळ खरीच असते. पण तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबीपोटी, शिक्षणाच्या आशेने त्यांना पाठवलेलं असतं. पाहुणे, देणगीदार वाढले की काही ठिकाणी मुलं गोळा केली जातात, प्रायोजकांच्या सत्कारात नाचवली जातात. आणि दर पंधरवड्याला जीव लावून निघून जाणारी नवी ताई लहानग्यांना फार जड जाते.

संस्थेलाच विचारा: सरकारी नोंदणी दाखवाल? आमची पोलीस पडताळणी मागाल? गेल्या वर्षी किती मुलं घरी परतली? नुसते पैसे भरून प्रवेश मिळत असेल तर जाऊ नका. आपल्याकडे 2015 च्या बाल न्याय कायद्याने बालगृहांची नोंदणी सक्तीची आहे. मुलाला घरीच सांभाळता यावं म्हणून कुटुंबाला अर्थसाहाय्याची तरतूदही त्यात आहे.