सिलिॲक रोग : आनुवंशिक प्रवणता

गहू, जव व राय यांतील ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराची हानी करणारा स्वप्रतिरक्षा विकार. त्याची प्रवणता प्रामुख्याने सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुकांशी (प्रतिरक्षा पेशींना प्रथिनांचे तुकडे दाखवणारे रेणू घडवणारी जनुके) निगडित असते. सुमारे ९०% रुग्णांत डीक्यू२.५ हा एचएलए रेणूचा प्रकार आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांत डीक्यू८ किंवा डीक्यू२.२ आढळतो.

डीक्यू२.५ रेणूची अल्फा साखळी डीक्यूए१*०५ आणि बीटा साखळी डीक्यूबी१*०२ या जनुकप्रकारांपासून बनते. दोन्ही प्रकार एकाच पालकाकडून (डीआर३ या शेजारच्या एचएलए जनुकगटासह) येतात किंवा एक आईकडून व दुसरा वडिलांकडून (डीआर५ व डीआर७ गटांसह). त्यामुळे पालकांपैकी कोणातही संपूर्ण डीक्यू२.५ नसताना तो अपत्यात जुळू शकतो. डीक्यूबी१*०२ च्या दोन प्रती असल्यास धोका वाढतो. आतड्यातील ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर ग्लुटेनमधील ग्लुटामिनचे ग्लुटामिक आम्लात रूपांतर करते. त्याचा ऋण प्रभार डीक्यू२ च्या खाचेत घट्ट बसतो आणि टी-पेशी (प्रतिरक्षा पेशींचा एक प्रकार) चेतवल्या जातात.

तथापि डीक्यू२ वा डीक्यू८ सुमारे ३०–४०% लोकसंख्येत असतो, रोग मात्र १ टक्क्याच्या आसपास. एकूण आनुवंशिकतेत एचएलएचा वाटा अंदाजे ४०% धरला जातो. त्याखेरीज ४० हून अधिक जनुकस्थाने ज्ञात असून प्रत्येकाचा परिणाम अल्प आहे.

हे प्रवणताकारक जनुकप्रकार टिकले कसे, हा वादाचा विषय. शेती रुजली तसे ते विरळ व्हायला हवे होते, असा एक तर्क. पण गहू खाणाऱ्या अनेक प्रदेशांत ते विपुल आहेत. संसर्गांपासून मिळालेल्या संरक्षणामुळे ते टिकले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. एचएलएबाहेरील एसएच२बी३ जनुकाच्या प्रवणताकारक रूपाची निवड सुमारे १,२००–१,७०० वर्षांपूर्वी झाली असावी, असा अंदाज आहे.

भारतात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री पाहणीत प्रवणताकारक जनुकांचे प्रमाण उत्तर, ईशान्य व दक्षिण भागांत जवळपास सारखे होते. रोग मात्र उत्तरेत कितीतरी जास्त आणि दक्षिणेत अत्यल्प आढळला. तफावतीचा संबंध गव्हाच्या सेवनाशी जोडला जातो. दक्षिणेचा निष्कर्ष गोव्याला जसाच्या तसा लावणे योग्य नाही : शीत-कडी (भात व आमटी) मुख्य असली, तरी पदेराचा (पाववाल्याचा) पाव, पोई व उंडो हे पावाचे प्रकार रोजच्या खाण्यात असतात.

जनुकचाचणी नकारात्मक आल्यास रोग जवळजवळ निश्चितपणे वगळता येतो. होकारार्थी आल्यास निदान ठरत नाही. निदानासाठी रक्तातील ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार) व एकूण आयजीए पाहतात. आयजीएची कमतरता असल्यास पहिली तपासणी फसवी ठरते. चाचण्यांपूर्वी गहू सोडल्यास प्रतिपिंडे उतरतात, बायोप्सीही सामान्य दिसू शकते.

आहारात उकडे तांदूळ, नाचणी, दोदोल (तांदळाच्या पिठाची गोड वडी) निर्धोक. सुरेने (माडीने) आंबवल्याने पाव ग्लुटेनमुक्त होत नाही, कोंडायुक्त पोईही वर्ज्यच. हिंगात अनेकदा गव्हाचे पीठ असते; रवा लावलेली मासळी तळलेल्या तेलात साधी मासळी तळल्यास तीही दूषित होते. ग्लुटेनमुक्त पदार्थाची मर्यादा किलोस २० मिलिग्रॅम ग्लुटेन आहे.