पिल्लांच्या शिटेत रक्त दिसलं तर आधी गादी बघा

जून संपत आला की वसई, उत्तन, गोराईपासून आरेतल्या पाड्यांपर्यंत, ज्यांच्या दारात चार कोंबड्या आहेत ते सगळे एकच गोष्ट विचारायला लागतात, पिल्लं काल मस्त होती, आज पिसं फुलवून कोपऱ्यात बसलीयेत, शिटेत रक्त आहे, कुठलं अँटिबायोटिक देऊ? तर पिल्लू तीन ते सहा आठवड्यांचं, दिवस पावसाचे आणि शिटेत रक्त असं असेल तर ती बहुतेक वेळा रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. आणि ती बॅक्टेरियाने होतच नाही, त्यामुळे घरात उरलेली माणसांची गोळी कुटून पाण्यात टाकायचा जो उद्योग चालतो तो बंद करा.

हा उपद्व्याप आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीचा. कोंबडीत त्याच्या मुख्य सात जाती सापडतात आणि आतड्यातली जागा प्रत्येकीने वाटून घेतलीये. टेनेला नावाची जात आतड्याच्या शेवटाकडच्या दोन आंधळ्या पिशव्यांत घुसते, उघडं लाल रक्त दिसतं ते जास्त करून तिच्यामुळे. बाकीच्यांपैकी काहींत रक्त दिसतच नाही, नुसती पातळ शीट, तुरा फिका, खाऊनही अंग धरत नाही, आणि लोक म्हणतात जातच बारीक आहे.

आता गंमत बघा. शिटेतून पडलेलं याचं अंडं (तज्ज्ञ त्याला ऊसिस्ट म्हणतात) ताजं असताना निरुपद्रवी असतं. ते पिकायला ओल, हवा आणि पंचवीस ते तीस डिग्री तापमान लागतं, म्हणजे मुंबईचा जुलै, आणि मग दोनेक दिवसांत ते तयार. पिल्लाने ते टिपलं की पेट्यात (तोच, कलेजी-पेट्यातला) त्याचं कवच भरडलं जातं, आतून आठ जीव सुटतात, आतड्याच्या पेशींत शिरतात, वाढतात आणि पेशी फोडून बाहेर येतात. टेनेलात रक्त दिसायला साधारण चार-पाच दिवस लागतात आणि नवी अंडी शिटेतून पडायला सहा-सात. म्हणजे रक्त दिसलं तेव्हा त्या पिल्लाचं आतडं आधीच फाटलेलं असतं, औषध खरं तर बाकीच्या, अजून उड्या मारणाऱ्या पिल्लांसाठी असतं, म्हणून ते सगळ्यांना द्यायचं, आणि अंड्यांचा सडा पडायच्या आधी गादी (खुराड्यात खाली पसरलेलं तूस) बदलायला तुमच्या हातात एक-दोन दिवसच असतात.

पण घाबरायच्या आधी शीट नीट बघा. निरोगी कोंबडीसुद्धा दर आठ-दहा शिटांमागे एक काकवीसारखी चिकट, तपकिरी, भयंकर वासाची शीट टाकते, ती त्या आंधळ्या पिशव्या रिकाम्या होतात तेव्हाची, अगदी नॉर्मल. कधीमधी एखादा लालसर-केशरी धागा दिसला आणि पिल्लू टणटणीत असलं तरी लगेच धावायची गरज नाही. खात्री करायची तर शिटेची तपासणी स्वस्तात होते, मिठाच्या घट्ट पाण्यात ही अंडी वर तरंगतात आणि मायक्रोस्कोपखाली दिसतात.

औषध म्हणजे अँप्रोलियम, २० टक्के पावडर पाण्यात मिसळायची. नेहमीचं प्रमाण लिटरला ०.६ ग्रॅम, पाच ते सात दिवस, जोर जास्त असेल तर डॉक्टर सुरुवातीला दुप्पट देतात, पाकिटावरचं आणि डॉक्टरांचं म्हणणं फायनल. चमच्याचा अंदाज नको, छोटा डिजिटल काटा घ्या, पाणी रोज नवीन करा आणि दुसरीकडे कुठे पाणी ठेवू नका, नाहीतर पिल्लं तिकडेच पितात. हे औषध दिसायला व्हिटॅमिन बी-१ सारखं असतं, परजीवी फसून तेच ओढून घेतो आणि उपाशी मरतो. म्हणूनच दुकानदार सोबत 'ताकदीची' बी-कॉम्प्लेक्सची बाटली देतो ती आत्ता नको, तिने औषधावर पाणी पडतं, द्यायचीच तर कोर्स संपल्यावर द्या. हळद-लसणाचं पाणी देणारे पुष्कळ आहेत, देऊ दे, पण रक्त दिसल्यावर त्याच्या भरवशावर राहणं म्हणजे पिल्लं घालवणं.

गादीचं काय? फिनाइल आणि ब्लीचला ही अंडी जुमानत नाहीत. उकळतं पाणी, कडक ऊन आणि कोरडेपणा चालतो. ओलं तूस खरवडून काढा, पाण्याचं भांडं विटेवर ठेवा म्हणजे सांडलवंड आणि शीट दोन्ही कमी, खुराड्याला वरून ताडपत्री पण बाजूने हवा खेळती. मोठ्या कोंबड्या आजारी न दिसताही शिटेतून परजीवीची अंडी टाकत असतात, म्हणून हातगाडीवरून आणलेली रंगीत पिल्लं थेट त्यांच्यात सोडू नका. आणि कोरड्या अंगणात आईमागे फिरणारी पिल्लं थोडी थोडी अंडी टिपतच असतात, त्यातूनच त्यांना प्रतिकारशक्ती येते, तेव्हा सगळं निर्जंतुक करायच्या नादाला लागू नका.

शीट पांढरी, चुन्यासारखी, आणि पिल्लू आठ-पंधरा दिवसांचं असेल तर मामला वेगळा, तो थंडी लागल्याचा किंवा साल्मोनेलाचा असू शकतो, आणि साल्मोनेला माणसाला पण लागतो (आयमेरिया लागत नाही), म्हणून पोरांचे हात साबणाने धुवा. शीट हिरवी, मान वाकडी, श्वासाला घरघर, तर मानमोडी, तिच्यावर औषध नाही, फक्त लस. मोठ्या कोंबड्याही धडाधड मरायला लागल्या तर हात न लावता सरकारी पशुवैद्यकांना फोन करा.

एखाद-दुसरं पिल्लू गेलं तर पोस्टमॉर्टेम करून घ्या, पाच मिनिटांत आतडं उघडून कळतं. त्यासाठी ते दोन पिशव्यांत बांधून, मासेवाल्यांकडे असतो तसल्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर ठेवून त्याच दिवशी न्या. फ्रीझरमध्ये नको, गोठलं की पेशी फुटतात आणि मायक्रोस्कोपखाली धड काही दिसत नाही.