मराठवाड्यातील जुनाट दुखणे : निदानाआधी आराम

मराठवाड्यात दुखण्यासाठी शब्दांची वाण नाही. कंबरेत उसण भरते, मांडीतून पोटरीपर्यंत कळ जाते, गुडघा ठणकतो, मानेत चमक निघते आणि पहाटे हाताची बोटे आखडून राहतात. नीट ऐकणाऱ्या डॉक्टरला यातून अर्धे निदान हाती लागावे, कारण पोटरीपर्यंत उतरणारी कळ बहुधा मज्जातंतूची असते आणि पहाटे तासभर न मिटणारी बोटे आमवाताची, म्हणजे सांधे सुजवून झिजवणाऱ्या रोगाची (रुमेटॉइड आर्थ्रायटिस), शंका घ्यायला लावतात. तरीही तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या, म्हणजे वैद्यकशास्त्र ज्याला जुनाट म्हणते अशा दुखण्याला नाव मिळायला येथे अनेकदा वर्षे लागतात. याचे कारण केवळ डॉक्टरांच्या तुटवड्यात शोधून चालणार नाही. उपचार लागू पडला की नाही, हे येथे ‘उद्या कामावर जाता येईल का’ या एकाच प्रश्नावर ठरत आले आहे, आणि निदानाला लागणारा वेळ त्या प्रश्नात बसत नाही.

वास्तविक दुखण्यात भेद करण्याची परंपरा जुनी आहे. चरकसंहितेत गृध्रसी, म्हणजे कंबरेतून पायात उतरणारी कळ, वेगळी सांगितली आहे आणि ‘माधवनिदान’ या ग्रंथात आमवाताला स्वतंत्र प्रकरण आहे. गावात मात्र बिब्बा, डाग, निरगुडीचा शेक आणि उसण भरल्यास पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसाचा कंबरेला पाय लावून घेणे, एवढाच पसारा होता. आजही तपासणीच्या टेबलावर पालथ्या झोपलेल्या म्हाताऱ्याचा सदरा वर केला, की कंबरेवर रुपयाएवढे काळपट गोल डाग ओळीने दिसतात. एक्स-रे हरवलेले असतात आणि चिठ्ठ्या भिजलेल्या असतात. दुखणे किती जुने आहे, याचा तेवढाच पुरावा शिल्लक उरलेला असतो.

निजामी राजवटीचा वेदनेच्या इतिहासाशी एक अनपेक्षित संबंध आहे. भूल देण्याचे क्लोरोफॉर्म कितपत सुरक्षित आहे, हे तपासण्यासाठी सहाव्या निजामाच्या काळात सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने 1888 आणि 1889 साली हैदराबादेत दोन आयोग बसले आणि त्यांचा खर्च निजाम सरकारने उचलला. तो प्रश्न शस्त्रक्रियेच्या वेदनेचा होता. वर्षानुवर्षे पुरणाऱ्या वेदनेची विचारपूस तेव्हा जगातही फारशी कोणी करत नव्हते. पुढे 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थानाचा प्रश्न निकाली निघाला आणि चारच दिवसांनी, 21 सप्टेंबरला, अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमवाताच्या एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिझोन या स्टेरॉइडचे पहिले इंजेक्शन दिले. अंथरुणाला खिळलेली ती स्त्री काही दिवसांत चालू लागली आणि 1950 साली हेंच यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या दोन तारखांचा आपसात काही संबंध नाही. पण त्याच कुळातले औषध पुढे मुक्त मराठवाड्यातल्या खेडोपाडी पोहोचले, ते तज्ज्ञ डॉक्टरच्या कितीतरी आधी.

औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सर्वांची घाटी, 1956 साली सुरू झाले. त्यानंतर अंबाजोगाईला 1974 उजाडले आणि नांदेडला 1988. मधल्या काळात ज्याचे दुखत होते, तो आठवडी बाजाराच्या दिवशी दवाखान्यात जाऊन सुई घेत होता. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक यांची सुई संध्याकाळपर्यंत गुण देते, रुग्ण डॉक्टरच्या हाताला यश आहे म्हणतो आणि पुढच्या बाजारी परत येतो. आमवातात ही सवलत महाग पडते, कारण स्टेरॉइडने सूज दबली तरी सांधा आत झिजत राहू शकतो, शिवाय हाडे ठिसूळ होतात आणि साखर वाढते. मेथोट्रेक्सेटसारखे मूळ रोगाला आवर घालणारे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, त्याचा परिणाम दिसायला कित्येक आठवडे जातात आणि रक्ताच्या तपासण्या करत राहाव्या लागतात. रोजंदारीवरच्या माणसाला एवढा धीर धरायला सांगणे सोपे नाही, हेही खरे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा यांनी घरोघरी केलेल्या पाहणीत 18 टक्क्यांहून अधिक प्रौढांना सांध्यांचे वा स्नायूंचे दुखणे आढळले, पण खरा आमवात सुमारे अर्ध्या टक्क्यालाच होता. सर्वांना ‘वात’ म्हणून एकच सुई टोचत राहण्यात काय चुकते, ते या दोन आकड्यांतील अंतर सांगते.

कधी निदान शरीरात नव्हे, तर पाण्यात दडलेले असते. हातपंपाच्या इतिहासात ‘जालना पंप’ हे नाव आहे. 1972 च्या दुष्काळानंतर कूपनलिका आणि हापसे झपाट्याने वाढले आणि त्यांनी गावे जगवली. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा असला, तरी नांदेडच्या पूर्वेकडील किनवटसारख्या भागात ग्रॅनाइट लागतो आणि अशा खडकातील खोल पाण्यात फ्लोराइड अधिक असू शकते. पिण्याच्या पाण्यात त्याची कमाल मर्यादा लिटरमागे 1.5 मिलिग्रॅम आहे. ती वर्षानुवर्षे ओलांडली गेली, तर दात पिवळसर पडतात, मान वळत नाही आणि पाठीचा कणा ताठरतो. भारतात हा विकार 1937 सालीच नेल्लोरकडे नोंदला गेला होता. तरीही पाण्याची चौकशी न करता अशा रुग्णाला संधिवाताच्या गोळ्या देता येतात आणि तो तेच पाणी पीत राहतो.

सर्वांत कठोर प्रकरण बीडचे आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक दिवस चुकला की खाडा, म्हणजे दंड, पडतो. पहाटेपासून वाकून तोडणी, मग डोक्यावर मोळी आणि फळीवरून चढून ती ट्रकमध्ये टाकणे, असे महिनोन्‌महिने केल्यावर कंबर आणि ओटीपोट दुखणे अटळ असते; त्यात फडावर संडास नसतो आणि पाळीत स्वच्छतेची सोय नसते. ही बाई अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते असे सांगत दवाखान्यात गेली, तर जंतुसंसर्गाचा उपचार किंवा साधी सोनोग्राफीही पुरती न करता, कॅन्सरची भीती घालून गर्भाची पिशवी काढायला सांगितल्याच्या तक्रारी पुढे आल्या. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली 2019 साली नेमलेल्या समितीसमोर आलेल्या आकड्यांनुसार, जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली होती. म्हणजे सुमारे सहांमागे एक. त्यातल्या कित्येक चाळिशीच्याही आतल्या होत्या. कंबरेचे दुखणे गर्भाशयाचे नसून मोळीचे असेल, तर पिशवी काढून ते जाणार नव्हते. उलट अंडाशयेही काढली गेली असतील, तर हाडे लवकर ठिसूळ होऊन त्यात नव्याची भर पडते.

वेदनेलाच रोग मानणारी वैद्यकशाखा मुळात भूलतज्ज्ञांच्या हातून वाढली. जॉन बोनिका हे अमेरिकेतील भूलतज्ज्ञ तिचे आद्य प्रवर्तक. वेदनेच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना 1973 साली स्थापन झाली आणि भारतीय संघटना 1984 साली. लगेच 1985 साली अमली पदार्थविरोधी कायदा आला आणि त्यातील परवान्यांच्या जाचाने कॅन्सरच्या रुग्णालाही मॉर्फिन हे अफूपासूनचे वेदनाशामक मिळेनासे झाले. ही गाठ 2014 च्या दुरुस्तीने कागदावर सैल झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली, तेव्हा जुनाट वेदनेला तिचा स्वतःचा संकेतांक मिळाला आणि तपासण्यांत काही न सापडणारे दुखणेही त्यात धरले गेले. आपल्याकडच्या केसपेपरवर मात्र अजूनही बहुधा ‘एलबीए’ ही तीनच अक्षरे असतात, म्हणजे ‘लो बॅक एक’, नुसतीच कंबरदुखी, आणि त्यांच्या खाली पाच दिवसांच्या गोळ्या लिहिलेल्या असतात.