कुंगफू वेगळं, वूशिया वेगळं: ‘डिटेक्टिव्ह डी’वरून भांडण्याआधी

‘डिटेक्टिव्ह डी अँड द मिस्टरी ऑफ द फँटम फ्लेम’ हा 2010 चा चिनी सिनेमा मी आतापर्यंत चार वेळा पाहिलाय. चारही वेळा सोबत बसलेल्यांत दोन तट पडले. मामेभाऊ लहानपणापासून ब्रूस लीचा भक्त, त्याच्या खोलीच्या दारावर अजून ते पोस्टर आहे. अर्ध्या तासात त्याने निकाल दिला, “याला मारामारी म्हणतात? दोरीने वर ओढतायत, सरळ दिसतंय.” मावशीने अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा फडशा पाडलेला. तिची तक्रार निराळी, “हरिण बोलायला लागलं ना, तिथेच रहस्य संपलं.” वहिनीला मात्र सिनेमा इतका आवडला की संपल्यावर तिने पहिला प्रसंग परत लावायला लावला.

तिघांची मतं प्रामाणिक होती. फक्त तिघांनी तीन वेगवेगळ्या मापांनी सिनेमा मोजला होता. त्यातली पहिली गल्लत सगळ्यात जास्त होते. आपल्याकडे चिनी मारामारीचा कुठलाही सिनेमा म्हणजे ‘कुंगफू पिक्चर’. हा सिनेमा कुंगफूचा नाहीच. तो वूशिया आहे.

‘कुंगफू’ या शब्दाचा मूळ अर्थच वेळ आणि मेहनत घालून कमावलेलं कसब. चांगल्या आचाऱ्याच्या हातालाही चिनी माणूस कुंगफू आहे म्हणेल. सिनेमातलं कुंगफू प्रामुख्याने हाँगकाँगचं, आणि जगभर त्याची लाट आली ती 1970 च्या दशकात, ब्रूस लीमुळे. तिथे सगळा भरवसा शरीरावर असतो. हात, पाय, कंबर, घाम. गोष्ट बहुतेकदा चिंग राजवटीच्या अखेरच्या किंवा त्यानंतरच्या काळातली, म्हणजे फार जुनी नाही. गुरू, तालीम, अपमान, बदला. प्रेक्षक बघतो ते एवढंच की हा माणूस हे खरंच करतोय का. मामेभावाचं माप हेच, आणि कुंगफूपटाला ते अगदी योग्य आहे.

‘वूशिया’ची गंमत त्यातल्या दुसऱ्या अक्षरात आहे. ‘वू’ म्हणजे शस्त्रविद्या. ‘शिया’ म्हणजे दिलेल्या शब्दाला जागणारा, दुबळ्याच्या बाजूने उभा राहणारा आणि त्यासाठी गरज पडली तर राजाचा कायदाही मोडणारा माणूस. ही कल्पना सिनेमापेक्षा कितीतरी जुनी. दोन हजार वर्षांपूर्वी सिमा चियान या इतिहासकाराने आपल्या ग्रंथात अशा भटक्या वीरांसाठी वेगळं प्रकरण लिहिलं. त्याच्याही आधी हान फेई या विचारवंताने कुरकुर केली होती की पंडित लेखणीने कायदा बिघडवतात आणि हे शिया शस्त्राने बंदीहुकूम मोडतात. या लोकांच्या दुनियेला ‘ज्यांगहू’ म्हणतात, शब्दशः ‘नद्या आणि तळी’. दरबाराच्या आणि गावगाड्याच्या बाहेरची, स्वतःचे नियम असलेली दुनिया. तिथे अंग हलकं करण्याची विद्या असते, तिचं नाव ‘चिंगगोंग’. ती साधलेला माणूस छपरांवरून, पाण्यावरून, बांबूच्या शेंड्यांवरून जातो. हे उडणं संगणक आल्यावरचं नाही. 1928 साली शांघायमध्ये एक लांबलचक वूशिया चित्रमालिका सुरू झाली, लोक वेडे झाले आणि पुढच्या काही वर्षांत सरकारने असल्या सिनेमांवर बंदीच घातली.

म्हणजे कुंगफूपटात माणूस किती उंच उडी मारतो हे बघायचं, आणि वूशियात तो कशासाठी उडतोय ते. दोरी दिसली ही कुंगफूपटाची लाज आहे. वूशियात ती आपल्या तमाशातल्या फेरीसारखी आहे. वगातला राजा रंगमंचावर एक गोल फेरी मारतो आणि म्हणतो, आलो आपण दुसऱ्या गावाला. कोणी उठून विचारत नाही की बैलगाडी कुठाय. पेकिंग ऑपेरातही हीच रीत आहे, मंचावर एक वळसा घेतला की कोसांचा प्रवास झाला. आणि हा नुसता योगायोग म्हणून सांगत नाही. ‘डिटेक्टिव्ह डी’ची मारामारी बसवणारा सॅमो हंग लहानपणी हाँगकाँगच्या ऑपेरा शाळेत शिकला, जॅकी चॅन त्याच शाळेतला. पुढे त्याने कुंगफूपटही गाजवले आणि वूशियाही केले. माणसं तीच, दुनिया दोन. गोंधळ होतो तो इथेच.

आता सिनेमाकडे येऊ. काळ सातव्या शतकाच्या अखेरचा, तांग राजवट. सम्राज्ञी होऊ घातलेली वू झेतियान राज्याभिषेकाच्या उंबरठ्यावर आहे आणि राजवाड्यासमोर बुद्धाचा आभाळाला भिडणारा पुतळा उभा राहतोय. पुतळ्याचं काम बघणारे अधिकारी उन्हात येतात आणि आतून पेटतात. आधी कातडीखालून लाली, मग धूर, मग माणूस जागच्या जागी राख. ते शोधण्यासाठी वू कोणाला सोडवते? तिलाच विरोध केला म्हणून आठ वर्षं कैदेत असलेल्या न्यायाधीश दी रेनजियेला, म्हणजेच नावातल्या ‘डी’ला. ही भूमिका अँडी लाऊची. वू झालेल्या करीना लाऊला हाँगकाँगच्या चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला, आणि तिच्याबद्दल मात्र आमच्या घरात तट पडले नाहीत.

मामेभावाला मी एकच प्रसंग परत दाखवला, दंडाचा. दीचं हत्यार तलवार नाही. ते बिनधारेचं लोखंडी दंड आहे. समोरच्याच्या शस्त्रावर ते टेकलं की थरथरतं, गुणगुणतं आणि त्या पात्यात कुठे कच्चा सांधा आहे ते शोधतं. मग तिथेच एक टोला, की पातं तुटलं. हा गुप्तहेराचाच स्वभाव त्याच्या हातात दिलाय, भिंतीत फट कुठे आहे ती आधी ऐकायची. कुंगफूच्या मापाने हे हत्यार खोटं. वूशियाच्या मापाने ते पात्राचं अख्खं वर्णन आहे. मला विचाराल तर सबंध सिनेमातली सगळ्यात विचारपूर्वक सुचलेली वस्तू हीच.

मावशीची तक्रार जास्त वजनदार आहे. रहस्यकथेचा करार असतो की वाचकाला सगळे धागे द्यायचे आणि गुन्हेगार शेवटी उघड करायचा. पण चीनमध्ये न्यायाधीशांच्या कथांची स्वतःची परंपरा आहे, तिला ‘गोंगआन’ म्हणतात. त्यात बऱ्याचदा गुन्हेगार कोण हे सुरुवातीलाच कळतं, मजा असते ती न्यायाधीश त्याला कसा कोंडीत पकडतो याची. स्वप्नं, भुतं, देवळातले कौल हे सगळं तपासात चालतं. ‘डी’ हे स्पेलिंग पाश्चात्त्य वाचकांत रुळवलं रॉबर्ट व्हान ह्युलिक या डच मुत्सद्द्याने. त्याने 1949 मध्ये दीवरची एक जुनी कादंबरी इंग्रजीत आणली, आणि ती निवडण्याचं कारणच हे की तिच्यात गुन्हेगार बराच वेळ झाकलेला राहतो आणि भुतंखेतं कमी आहेत. म्हणजे बाहेरच्या जगाला भेटलेला दी आधीच गाळून घेतलेला होता. त्सुई हार्क या दिग्दर्शकाने गाळलेलं पुन्हा आत ओतलं: बोलणारं हरिण, चेहरा बदलण्याची कला, शहराखालचा भुतांचा बाजार. तरीही माणसं पेटण्यामागे त्याने शाप ठेवला नाही. एका किड्याचं विष आणि ऊन, असा कार्यकारणभाव दिलाय. आपल्या विज्ञानाला तो पटणार नाही, पण सिनेमाच्या दुनियेत तो शेवटपर्यंत पाळलाय. मावशी अर्धी पटली. हरणाला तिची माफी नाही.

संगणकाने काढलेला पुतळा मात्र मलाही कच्चा वाटतो. आतल्या खांबांच्या आणि साखळ्यांच्या जंगलात तो खरा वाटतो, बाहेरून बघितला की चित्र वाटतं. तिथे कोणतंही माप लावा, तक्रार रास्तच आहे.

दोन परंपरा एकत्र आणताना सिनेमाने एक अवघड गोष्ट पेलली आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी लोक बोलतात. शिया कायद्याबाहेरचा, न्यायाधीश म्हणजे साक्षात कायदा. एकाच माणसात दोन्ही बसवायचे कसे? सिनेमा त्याला आधी कैदी करतो, मग अधिकारी, आणि शेवटी कुठे नेऊन ठेवतो ते इथे फोडत नाही. पण पडदा काळा होतो तेव्हा तो दरबारात आहे की ज्यांगहूमध्ये, हे जरूर बघा.

खरा दी रेनजिये (630 ते 700) तलवारबहाद्दर नव्हता. तो कागदांचा माणूस. जुना तांग इतिहास सांगतो की सर्वोच्च न्यायकचेरीत असताना त्याने एका वर्षात 17,000 माणसांची रखडलेली प्रकरणं निकालात काढली आणि अन्याय झाला म्हणून कोणी दाद मागितली नाही. 692 मध्ये त्याच्यावर बंडाचा खोटा आरोप आला. त्याने छळ टाळायला गुन्हा लगेच कबूल केला, मग चोरून लिहिलेला अर्ज आपल्या जाड कपड्याच्या अस्तरात दडवला आणि ‘यातला कापूस काढून घ्या’ असं सांगून कपडा घरी पाठवला. मुलाने अस्तर उसवलं, अर्ज वूपर्यंत पोचला, जीव वाचला.

आणि पुतळा? तो निव्वळ कल्पनेतला म्हणावा तर इतिहासात त्याचीही एक सावली सापडते. 700 साली वू झेतियानला बुद्धाची प्रचंड मूर्ती उभारायची होती आणि खर्चासाठी भिक्षू-भिक्षुणींकडून पैसे गोळा करायचे होते. लोकांवर हा भार नको असं विनवणारा अर्ज दी रेनजियेने तिला लिहिला, आणि तिने ते काम थांबवलं. त्याच वर्षी तो वारला.