सागर परिक्रमा: शिडाच्या बोटीवरचं जगणं आणि एका शब्दाची पार्श्वभूमी

खान्देशात ‘परिक्रमा’ म्हटलं की नर्मदाच आठवते. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघालेले परिक्रमावासी शहादा, प्रकाशा, तळोदा या बाजूने पुढे गुजरातकडे जातात. त्यांना जेवू घालणारी, रात्रीचा आसरा देणारी घरं या पट्ट्यात आजही आहेत. त्यामुळे २००९ साली शिडाच्या बोटीने केलेल्या जगप्रवासाला ‘सागर परिक्रमा’ हे नाव मिळालं, तेव्हा शब्द आपल्या ओळखीचा होता आणि त्यामागची गोष्ट मात्र पार अनोळखी. या प्रवासांबद्दल इकडे जे काही बोललं जातं, त्यातला निम्मा गोंधळ या एका शब्दाभोवतीच फिरतो.

जुना भाग थोडक्यात. खान्देशाला किनारा नाही, पण सुरत बंदर दूर नव्हतं. सतराव्या शतकात बुऱ्हाणपूरचं कापड नंदुरबारवरून सुरतेला जायचं आणि पुढे जहाजावर चढायचं. खारं पाणी सोसणाऱ्या सागाला जहाजबांधणीत मोठी मागणी होती. १८४२ मध्ये इंग्रजांनी डांगचं सागाचं जंगल भिल्ल राजांकडून पट्ट्याने घेतलं आणि त्या डांगचा कारभार बरीच वर्षं खान्देशच्या कलेक्टरकडे होता. म्हणजे माल आपला, लाकूड शेजारचं, आणि समुद्रावर जाणारे दुसरेच.

व्यापार नाही, लढाई नाही, नुसतं शिडावर पृथ्वीभोवती जाऊन यायचं, असं एकट्याने पहिल्यांदा घडलं ते १८९५ ते १८९८ मध्ये. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून ‘स्प्रे’ नावाची होडी निघाली आणि तीन वर्षांनी परत आली. मग १९६८ची शर्यत: एकट्याने, कुठेही न थांबता. नऊजण उतरले, एकच पूर्ण करू शकला, ३१२ दिवसांनी. त्याची ‘सुहैली’ ही होडी मुंबईत बांधलेली, सागवानी. आपल्याकडे ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, सांगायला हवी.

भारतीयांचं पहिलं पाऊल सैन्यदलातल्या अभियंत्यांच्या तुकडीचं. त्यांची ‘तृष्णा’ सप्टेंबर १९८५ मध्ये निघाली आणि जानेवारी १९८७ मध्ये मुंबईला परतली. २००३-०४ मध्ये ‘तरंगिणी’ हे तीन डोलकाठ्यांचं प्रशिक्षण जहाज जग फिरून आलं. पण लोकांच्या तोंडी हा विषय आला तो ‘म्हादेई’मुळे. गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर बांधलेली ५६ फुटांची ही बोट, नावही नदीचंच. ऑगस्ट २००९ मध्ये नौदलाचा एक अधिकारी तिच्यावरून मुंबईहून एकटा निघाला, चार बंदरांत थांबला आणि मे २०१० मध्ये परतला. त्याच बोटीवरून दुसरा अधिकारी १ नोव्हेंबर २०१२ रोजी निघाला, कुठेच थांबला नाही आणि ३१ मार्च २०१३ रोजी मुंबईला पोहोचला. १० सप्टेंबर २०१७ रोजी सहा महिला अधिकारी ‘तारिणी’वरून गोव्याहून निघाल्या आणि २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ रोजी परतल्या.

आता शब्दाकडे. या सगळ्या प्रवासांपुढे ‘पहिली परिक्रमा’ असंच छापून येतं, मग वाचणारा विचारतो की पहिली किती वेळा होणार? उत्तर विशेषणांत आहे: तुकडीने पहिली, एकट्याने पहिली, एकट्याने विनाथांबा पहिली, फक्त महिलांची पहिली. बातमीच्या मथळ्यात विशेषण गळतं आणि मग कुणाचं तरी श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर पडतं.

त्याहून अवघड प्रश्न म्हणजे परिक्रमा पूर्ण झाली असं कधी म्हणायचं. समुद्रावरचे सर्वमान्य नियम असे: जिथून निघालात त्याच बंदरात परत यायचं, सगळी रेखावृत्तं ओलांडायची, विषुववृत्त किमान दोनदा ओलांडायचं, एकूण अंतर २१,६०० सागरी मैलांहून कमी नको आणि सुएझ-पनामासारखा कालवा वापरायचा नाही. २१,६०० हा आकडा हवेतून आलेला नाही. वर्तुळाचे ३६० अंश, अंशाची ६० मिनिटं, आणि एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल.

थांबण्यावरून जाणत्यांत दोन तट पडतात. काहींच्या मते बंदराला लागलेली परिक्रमा दुय्यम. ‘तारिणी’ फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केपटाऊन या ठरलेल्या थांब्यांखेरीज सुकाणूच्या बिघाडामुळे मॉरिशसलाही लागली, म्हणून तिचं मोल कमी धरणारेही भेटतात. मला हे पटत नाही, आणि न पटण्याचं कारण नर्मदाकाठचं आहे. नर्मदेचा परिक्रमावासी रोज मुक्काम करतो. चातुर्मासात तर एका जागी चार महिने बसतो. परंपरेने परिक्रमेचा काळच तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस सांगितला आहे. त्याची परिक्रमा थांबल्याने मोडत नाही, नदी ओलांडली तर मोडते. समुद्रावर कालवा वापरणं म्हणजे नदी ओलांडणं. बंदराला लागणं म्हणजे मुक्काम. विनाथांबा प्रवास हा वेगळा आणि फार कठीण पराक्रम आहे, त्याला त्याचं वेगळं नाव असू द्यावं. पण थांबून केलेली परिक्रमा अर्धी ठरत नाही.

आणखी एक साम्य कुणी फारसं बोलून दाखवत नाही. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला ठेवायचा. दक्षिण महासागरात वारे पश्चिमेकडून वाहतात, म्हणून या बोटी पूर्वेकडे जातात: ऑस्ट्रेलियाखालून, मग दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न, मग आफ्रिकेच्या टोकाजवळचं केप ऑफ गुड होप. पूर्वेकडे तोंड केलं की दक्षिण उजवीकडे येते. म्हणजे ती सगळी वाट अंटार्क्टिका उजव्या हाताला असतो. वाऱ्याने ठरवलेली दिशा नेमकी प्रदक्षिणेची निघाली. ‘स्प्रे’ पश्चिमेकडून फिरली होती, त्या अर्थाने उलटी.

बोटीवरचं जगणं बातम्यांत कमी येतं. तिथे पाण्याचा हिशेब सगळ्यात आधी. आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या आपल्या गावांत वाढलेल्याला तो शिकवावा लागणार नाही: पिण्याचं वेगळं, धुण्याचं वेगळं. भांडी, अंघोळ खाऱ्या पाण्यात. खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र असलं तरी त्याला वीज लागते, म्हणून पाऊस आला की शिडावरून ओघळणारं पाणी धरून ठेवायचं. ताजी भाजी पहिल्या काही आठवड्यांची, कांदे-बटाटे थोडे जास्त टिकतात, पुढे डाळ, तांदूळ आणि डबाबंद. पूर्वी लांबच्या सफरीत हिरड्या सडून खलाशी मरत. लिंबू-संत्र्याने तो आजार हटतो हे एका स्कॉटिश जहाजवैद्याने १७४७ मध्ये पडताळून पाहिलं. शेगडी झोक्यासारखी टांगलेली असते, बोट कितीही कलली तरी पातेलं सरळ राहावं म्हणून.

झोप ही दुसरी टंचाई. तुकडी असेल तर पाळ्या लावून पहारा देता येतो. एकट्याला सलग रात्र मिळत नाही. थोडं झोपायचं, उठून क्षितिज, शिडं, वारा पाहायचा, परत पडायचं. दक्षिणेत कपडे वाळत नाहीत, थंडी हाडात जाते. पूर्वेकडे जाताना दिवस चोवीस तासांहून जरा लहान होत जातो आणि तारीखरेषेवर एकच तारीख दोनदा येते.

धोका किती, हे २०१८ मध्ये दिसलं. ‘विनाथांबा’ पूर्ण केलेला तोच अधिकारी जुन्या पद्धतीच्या शर्यतीत, सेक्स्टंटवर, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून आपली जागा काढायच्या उपकरणावर, भिस्त ठेवून निघाला होता. २१ सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने डोलकाठ्या मोडल्या, पाठीच्या कण्याला इजा झाली. तीन दिवसांनी मासेमारीवर नजर ठेवणाऱ्या एका फ्रेंच गस्ती जहाजाने त्याला उचललं. पुढच्या वेळी तो पुन्हा उतरला आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरा आला.

सगळ्यात ताजा टप्पा पुन्हा ‘तारिणी’चा. २ ऑक्टोबर २०२४ रोजी या वेळी फक्त दोघी निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी गोव्याला परतल्या. सहाजणींची पाळी आणि दोघींची पाळी यांत फार फरक आहे: एक झोपली की दुसरी एकटीच. वाटेत त्या जमिनीपासून सर्वात दूर असलेल्या पॉइंट नीमोवरूनही गेल्या.

नर्मदा परिक्रमेतही एक टप्पा समुद्राचा आहे. मुखाशी नदी ओलांडायची नाही म्हणून परिक्रमावासी भरतीची वाट बघत काठावर थांबतात आणि नावेतून खाडीचं तोंड वळसा घालून समोरच्या मिठी तलाईला उतरतात. खान्देशातून गेलेल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी समुद्र पाहिला तो त्या नावेतूनच, नर्मदा उजव्या हाताला ठेवून.